धुळ्याहून यायचा कागद

लीलाधरचं पत्र मला सत्त्याण्णव सालच्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मिळालं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं असं नव्हे. आयुष्यात मी काही ठरवल्याचं मला फारसं आठवत नाही. उद्या लिहू, नीट वाचून लिहू, सगळं समजून घेऊन लिहू, असं म्हणता म्हणता होळी गेली, आखाजी गेली, मग पाऊसही येऊन गेला. पाकीट जाड होतं. आत त्याचं दोन पानी पत्र होतं आणि एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाची झेरॉक्स, नऊ पानं. त्याचं अक्षर पूर्वी सरळ असायचं. या पत्रात प्रत्येक ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरली होती. कागदावरची रेघ त्याला दिसत नसावी, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

‘अभिमनभाऊ,’ त्यानं लिहिलं होतं, ‘डाव्या पायाचं बोट गेलं ते तू पाहिलंसच. आता सकाळ-संध्याकाळ सुई. नजर धूसर. वजन एकशे सव्वीस. जावयानं हा लेख आणून दिला. मुंबईत एक डॉक्टर आहे, पोट उघडतो, जठर मुठीएवढं करतो आणि आतडं वर आणून त्याला जोडतो. त्यानं साखर जाते म्हणे. भागाबाई म्हणते चांगलं पोट कशाला कापायचं. पोरगी रडते. बठ्ठा लोके हसतात, म्हणतात, जाड्याला उपाशी ठेवायला डॉक्टर कशाले पाहिजे. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो निर्णय तुमचा. माझं इंग्रजी तुला माहीत शे. तू वाच. पण काय लिहिलंय ते नको सांगू. करू का नको करू ते सांग. तू सांगशी तेच मी करसू.’

लीलाधरचा जळगावला हमरस्त्यावर वजनकाटा आहे. भरलेले ट्रक त्या लोखंडी पाटावर चढतात, तो केबिनमध्ये बसून दांडीवरचं वजन सरकवतो आणि चिठ्ठी फाडून देतो. शाळेत असताना आम्ही धुळ्याच्या एका बोर्डिंगात चार वर्षं होतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एकदा मी जळगावला गेलो असताना तो स्वतःच पाटावर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, ‘वाच भाऊ, किती?’ दांडी जागची हललीसुद्धा नाही, निदान मला तसं वाटलं. ‘दिखस का? ट्रकवाल्यासमोर मी कोनीच नही. इतला हलका शे मी!’ असं म्हणून तो पोट हलवत हसला. लोक त्याच्या लठ्ठपणाला हसायच्या आत तो स्वतः हसून घ्यायचा. मी असं कधीच करू शकलो नाही. माझ्या मुखदुर्बळपणाला कोणी हसलं की मी पुस्तकात तोंड घालायचो.

एकतीस वर्षं मी धुळ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी दहा ते एक तिथे जाऊन बसतो. संदर्भ विभागातली कोपऱ्यातली खुर्ची अजून कोणी हलवलेली नाही. माझं काम सोपं होतं, किंवा मी ते सोपं करून घेतलं होतं. कोणी काही विचारायला आलं की मी पुस्तक काढून द्यायचो आणि पान सांगायचो. जमिनीचा वाद असो, मुलीच्या पत्रिकेतला मंगळ असो, कपाशीवरची बोंडअळी असो. ‘नाना, तुम्हाला काय वाटतं?’ असं कोणी म्हणालं की मी म्हणायचो, ‘मत माझ्याकडे नाही. पान आहे.’ लोकांना वाटायचं हा विनय आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पान चुकलं तर ते लिहिणाऱ्याचं चुकतं. मत चुकलं तर मग ते आपलं.

म्हणून मी लीलाधरसाठी तेच केलं जे मला येत होतं. लेखाचं भाषांतर करायला बसलो. तीन आठवडे लागले. दोन कोश, एक वैद्यकीय परिभाषेची पुस्तिका आणि माझ्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे दोन खेपा. त्यांच्याकडेही मी ‘एका वाचकाला हवं आहे’ असंच सांगितलं. लेख फार सावध होता. लठ्ठ माणसांवर वजन उतरवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया, आणि त्यांतल्या ज्यांना मधुमेह होता त्यांचं पुढे काय झालं याची हकिगत. डॉक्टर स्वतःच चकित झाले होते. बहुतेकांची साखर थोड्या दिवसांतच खाली आली होती, वजन उतरायच्याही आधी. काहींची इन्शुलिनची सुई घरी जाण्यापूर्वीच बंद झाली. असं का होतं हे नीट कळलेलं नाही, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मग दुसरी बाजू. पोट उघडण्याचे धोके, टाक्यांतून गळती, फुफ्फुसात अडकणारी गुठळी. शंभरात एकदोन माणसं त्यातच जातात. जी राहतात त्यांना जन्मभर चार घासांचं जेवण आणि रोज जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ते ‘एकदोन’ लिहिताना मी थांबलो होतो. मला ती माणसं दिसायला लागली. शंभर माणसं एका लांब पंगतीला बसली आहेत, वाढपी येतो आहे, आणि त्यातल्या कुठल्या तरी एका पानापाशी तो न वाढता पुढे जातो. त्या पानावर लीलाधर मांडी घालून बसलेला.

अकरा पानं झाली, तळटिपांसह. बारावं पान मी कोरं घेतलं आणि वर लिहिलं, ‘आता तुझ्या प्रश्नाविषयी.’ तिथेच राहिलं. रोज सकाळी नवीन कागद घ्यायचो. ‘माझ्या मते’ असं लिहायचो आणि मला हसू यायचं, दुसऱ्याच्या सदऱ्यात हात घातल्यासारखं वाटायचं. ‘कर’ लिहिलं की पंगत दिसायची. ‘नको’ लिहिलं की त्याचा पाय दिसायचा. त्याच्या तळपायात खिळा रुतला होता आणि त्याला दिवसभर कळलंच नव्हतं. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, भागाबाईनं, घरभर उमटलेले रक्ताचे ठसे पाहिले आणि किंचाळली. पावलाला काहीच वाटत नाही म्हणजे काय होत असेल? मी घरी अनवाणी चालून फरशीचा गारवा तपासायचो. एके दिवशी ती अकरा पानं, त्याचं पत्र आणि ते बारावं अर्धं पान एकत्र टाचून मी वाचनालयात नेली आणि पश्चिम खानदेशातल्या धंद्यांविषयीच्या एका जुन्या सरकारी अहवालाच्या बांधीव खंडात ठेवून दिली. घरी ठेवली तर ती मला दिसत राहिली असती. त्या खंडाला एकोणीस वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का अठ्ठ्याहत्तर सालचा होता. ग्रंथपाल माणूस तिजोरीपेक्षा त्या चिठ्ठीवर जास्त विश्वास ठेवतो.

श्रावणात त्याचं एक कार्ड आलं. ‘पत्र मिळालं असेल. सवडीनं लिही. मी वाट पाहतो.’ बाकी काही नाही. तेही मी जपून ठेवलं. आणि मग असं झालं की उत्तर न दिल्याचे महिने मूळ प्रश्नापेक्षा जड होऊन बसले. आता लिहायचं तर आधी त्या महिन्यांचं काही तरी सांगायला हवं होतं, आणि त्यांचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. रस्त्यानं जाताना पोस्टाची पेटी आली की मी पलीकडून जाऊ लागलो.

डिसेंबरातल्या एका सकाळी रईसा आली. मिलच्या बाजूला एका शाळेत शिकवते, तिशीची असेल. एम.ए.च्या प्रबंधासाठी विणकरांविषयी जुनं काही हवं म्हणून दोन आठवड्यांपूर्वी आली होती. मी तिला पानं सांगितली होती. पण त्या अहवालाचा उल्लेख मी मुद्दाम केला नव्हता. तो तिनं यादीतून स्वतः शोधला होता, मी नसताना, दुपारी. तिनं टाचलेले कागद माझ्यासमोर ठेवले.

‘चाचा, हे तुमचं अक्षर आहे ना? माझ्या कार्डावर पण हेच अक्षर आहे.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘माझंच.’

‘मी वाचलं. माफ करा, पत्र होतं ते कळलं, तरी वाचलं. पहिल्या पानावर साखरेचं दिसलं मग राहवेना. माझे अब्बा साखरेनंच गेले. नूर महंमद, मागावर होते. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत, मग गुडघा.’ हे तिनं कापडाची मापं सांगावीत तसं सांगितलं. मग खुर्ची ओढून बसली. ‘मग तुमच्या दोस्तानं केलं का ऑपरेशन?’

‘मला माहीत नाही.’

‘माहीत नाही म्हणजे? तुम्ही काय सांगितलंत त्यांना? बारावं पान अर्धंच आहे. मी अख्ख्या पुस्तकात शोधलं, म्हटलं पुढचं पडलं असेल कुठे.’

‘पुढचं पान नाही.’

‘हे त्यांना पाठवलंतच नाही?’

मी मान हलवली. खिडकीतून समोरच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. ती थोडा वेळ कागदांच्या कडा जुळवत राहिली. माझ्या एखाद्या जुन्या मास्तरांसमोर उभं राहावं तसा मी बसलो होतो.

‘मी गप्प राहिलो,’ मी म्हणालो. ‘माझ्या शब्दावर माणूस पोट कापून घेणार. मी कोण? मी डॉक्टर नाही. मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.’

‘असं कुठे असतं, चाचा?’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘तुम्ही गप्प बसलात म्हणजे नकोच म्हणालात. नऊ महिने रोज नको म्हणालात.’ मग तिला वाटलं असावं की आपण फार बोललो. उठताना म्हणाली, ‘आमच्या अब्बांना तर कोणी विचारलंच नाही. त्यांनी पण कोणाला विचारलं नाही. तुमच्या दोस्तानं विचारलं तरी.’

ती गेली. मी त्या दिवशी एकच्या आधीच निघालो. पांझरेच्या पुलावर येऊन थांबलो. नदीत पाणी नव्हतं, वाळूत कोणी तरी चादरी वाळत घातल्या होत्या. मला बोर्डिंगातलं जेवण आठवत होतं, म्हणजे आठवत नव्हतं, जिभेवर आलं होतं. कळण्याची जाड भाकरी, उडदाची डाळ आणि अॅल्युमिनियमच्या ताटाचा वास. पानात काही टाकलं तर गृहपती सगळ्यांसमोर उभं करायचे. मला चार भाकऱ्या वाढल्या जायच्या आणि माझी भूक दीड भाकरीची. ‘मला नको’ एवढं मला म्हणता यायचं नाही. वाढपी धनसिंग काका समोर येऊन उभे राहिले की माझा घसा बंद व्हायचा. पहिल्या आठवड्यात मी दोन भाकऱ्या सदऱ्याखाली लपवल्या होत्या, पोटाला चटका बसला होता. शेजारी नवीन आलेला पोरगा बसला होता, अकरा-बारा वर्षांचा, काटकुळा. हो, काटकुळा. लीलाधर तेव्हा काटकुळा होता, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. त्यानं हळूच विचारलं, ‘भाऊ, तुले नको का?’ आणि माझ्या ताटातल्या भाकऱ्या त्याच्या ताटात गेल्या. मग रोज. चार वर्षं तो माझ्या वाटचं खात होता. आधी भुकेनं, मग मला उभं राहावं लागू नये म्हणून. शेवटी शेवटी मी पाहायचो, त्याला जात नसे, तो पाण्याचा घोट घेऊन घेऊन गिळायचा आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचा. मला जे बोलता आलं नाही ते त्यानं खाल्लं. अर्थात मधुमेह असा होत नाही, चार वर्षांच्या भाकऱ्यांनी होत नाही, हे मला अकरा पानं उतरवून काढल्यावर चांगलं माहीत आहे. त्याच्या आईला होता, मामाला होता. तरी मी पुलावर उभा राहून त्या भाकऱ्या मोजत होतो.

आणि गुळाचं काय? ते तर मी मोठेपणी, डोळ्यांदेखत होऊ दिलं. बोट काढल्यावर त्याची जखम भरेना. दोन महिने भरेना, पाय जातो असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा भागाबाईनं एकवीरेला नवस बोलला: पाय वाचला तर नवऱ्याच्या वजनाइतका गूळ वाहीन. पाय वाचला. पंचाण्णवच्या चैत्रात ती सगळी धुळ्याला आली आणि देवीच्या आवारात मोठा तराजू टांगला. एका पारड्यात लीलाधर मांडी घालून, हारतुऱ्यांसकट, आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. ढेप ठेवली की लोक ओरडायचे, पारडं हलायचं नाही. ‘आनखी आना रे!’ लीलाधर वरून ओरडत होता. ‘देवीले फसवू नका! जितला शे तितला द्या!’ बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. भागाबाई हसत नव्हती. ती प्रत्येक ढेपेला हात लावून कपाळाला लावत होती. माशा घोंगावत होत्या. ज्या माणसाच्या रक्तात साखर मावत नाही त्याला आम्ही गुळानं तोलत होतो, आणि त्या सगळ्या गर्दीत हे कोणाच्या मनात आलं असेल तर ते माझ्या. मी खांबाला टेकून उभा होतो. मला काय बोलायचं होतं? नवस फेडू नका? तसं नाही. निदान त्या रात्रीच्या पंगतीत त्याच्या पानावर पुरणाचे मांडे पडत होते तेव्हा तरी? मी गप्प होतो. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलंही होतं. प्रसादाचा म्हणून त्यानं मला जो मोठा खडा दिला तो अजून माझ्या फडताळात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. काळा पडला, पाझरला, मुंग्या आल्या आणि गेल्या. टाकवत नाही आणि खाववत नाही.

पुढच्या मंगळवारी मी सकाळची जळगाव गाडी पकडली. ते टाचलेले कागद पिशवीत होते. पारोळ्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो, एरंडोलच्या पुढे ती सगळी गळून गेली. काट्यासमोर रस्त्याच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे बाकावर बसलो. टपरीच्या मागे कोणी काड्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होतं आणि धूर डोळ्यांत येत होता, ते मला बरंच वाटलं. समोर, मध्ये ट्रकांची रांग, आणि तिच्या फटीतून केबिन. केबिनबाहेर खाटेवर लीलाधर बसला होता. दोन्ही पाय होते. मी आधी पायच पाहिले. डाव्याला पांढरी पट्टी, पाऊल विटेवर ठेवलेलं. आत दांडीपाशी भागाबाई, नाकावर चष्मा, चिठ्ठी लिहीत होती.

‘शेठ आता काट्यावर बसत नाहीत का?’ मी चहावाल्याला विचारलं. कौतिक त्याचं नाव. गिऱ्हाईक त्याला नावानं हाका मारत होते.

‘नजर गेली ना बाबा त्यांची. गेली म्हंजे, मानूस दिखस, आकडा नही दिखत.’ त्यानं फडक्यानं बाक पुसला. ‘एका ट्रकची चिठ्ठी चुकली, मोठा राडा झाला. मंग वहिनी बसायला लागल्या. आता वहिनी इतक्या पक्क्या झाल्या की ड्रायव्हर लोकं म्हणतात शेठ बरे होते, थोडं इकडंतिकडं चालायचं.’

‘आणि पाय?’

‘पुन्हा उघडला. मुंबईचा कोन डॉक्टर शे, त्यानं दोनदा तारीख दिली. गेलेच नाही. आता म्हने संक्रांतीनंतरची दिली शे, मंग तो पन द्यायचा नही.’ तो वाकून हळू आवाजात, गंमत सांगावी तसा म्हणाला, ‘मी म्हटलं, शेठ, घाबरतात का? तर म्हने, घाबरत नही रे. धुळ्याहून एक कागद यायचा शे. तो आला की जासू. आता धुळ्याला असा कोन मोठा सर्जन बसला, मालूम नही.’

मी हातातली कपबशी बाकावर ठेवली. उठलो आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. एक ट्रक गेला, मग दुसरा, आणि मग रस्ता मोकळा झाला. अगदी मोकळा. पंधरा पावलं असतील. लीलाधरनं मान वर केली. कपाळावर आडवा हात धरून तो माझ्या दिशेनं बघत होता. त्याला रस्त्यापलीकडे एक उभा, बारीक आकार दिसत असावा. पूर्वी तो मला गर्दीत पाठीवरून ओळखायचा.

‘कोन शे रे?’ तो ओरडला. ‘गाडी मोजाले आनी का?’

मी तोंड उघडलं. मला माहीत होतं की फक्त ‘अभिमन’ एवढं म्हणायचं आहे, चार अक्षरं, त्याला पुढचं काही लागलं नसतं. धनसिंग काका भाकरी घेऊन समोर उभे राहिले. घसा तसाच बंद झाला, एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी. तेवढ्यात तिसरा ट्रक मध्ये आला, आणि तो पाटावर चढून उभा राहीपर्यंत मी बसस्टँडच्या रस्त्याला लागलो होतो. मागे भागाबाईचा आवाज आला, ‘कोन व्हतं?’ आणि त्याचा, ‘कोनी नही. चालना गया.’

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. लिहितो आहे तेही कशासाठी ठाऊक नाही. लिहिलेलं मला बोललेल्यापेक्षा खरं वाटतं म्हणून असेल, किंवा तीच माझी खोड. परतीच्या गाडीत मला खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसत होता. रईसा म्हणाली होती ते मला तेव्हा पटलं नव्हतं, नुसतं लागलं होतं. आता कळलं की एका माणसानं पायाला पट्टी बांधून, विटेवर पाऊल ठेवून, नऊ महिने माझं ‘नको’ पाळलं होतं. मी ते म्हणालोही नव्हतो. पण तो माझ्या शब्दाचा इतका मान ठेवत होता की न आलेल्या शब्दाचाही त्यानं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात गेलो नाही. चहा केला, टेबल पुसलं, आणि तो जुना बारावा कागद समोर घेतला. वर ‘आता तुझ्या प्रश्नाविषयी’ होतंच. फक्त शाईचा पेन बाजूला ठेवून, मुलं पाटीवर काढतात तेवढी मोठी अक्षरं काढायला जाड निळा स्केचपेन घेतला. घरात दुसरा नव्हता. तोही वाचनालयातून पुस्तकांच्या पाठीवर नंबर घालायला आणलेला, कधीचा राहिलेला. पहिल्या ओळीत एकच शब्द बसला.

कर.

तो मी बराच वेळ पाहिला. पंगत दिसली. वाढपीही दिसला. तरी खोडला नाही. मग खाली लिहीत गेलो, एका ओळीत तीन-चार शब्द, कागदामागून कागद. ‘लीलाधर, हे माझं मत आहे. यात शंभरात एकदोन माणसं जातात. ती मला रोज दिसतात. पण तुझा पाय मला काल दिसला. काल रस्त्यापलीकडे मीच होतो. बोललो नाही. माफ कर, किंवा नको करू, पण संक्रांतीनंतरची तारीख चुकवू नको. सोबतची अकरा पानं जावयाकडून वाचून घे, आणि शंका असतील त्या डॉक्टरला विचार, मला नको. मी चुकलो असेन तर चूक माझी. तिचा जाब तुझ्या घरच्यांनी माझ्यापाशी येऊन मागावा, मी दार लावून घेणार नाही. मुंबईला मी येतो. मला तिथे काही करता येणार नाही. मी बाहेर बाकावर बसेन. भागाबाईला म्हणावं, सोबत आहे. आणि ऐक. तुझं पोट आता माझ्याएवढं होईल. चार घास. घरी आलास की आपण दोघं एका ताटात जेवू, आणि जे उरेल ते उरू दे. उठून उभं राहायला सांगणारं आता कोणी नाही.’

सही केली. पुन्हा वाचलं नाही, कारण वाचलं असतं तर सुधारलं असतं. पाकिटावर पत्ता घालताना हात नेहमीसारखा चालला, पत्ते मला कधी अडले नाहीत.

पोस्टात वजन करून तिकिटं लावली. काउंटरवरच्या बाईनं पाकीट छोट्या काट्यावर टाकलं, दांडी हलली आणि ठरली. बाहेरच्या पेटीशी आलो. फटीत पाकीट अर्धं घातलं आणि बोटं सोडेनात. मागे एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, हातात पिवळसर कार्ड. ‘टाकता ना आबा?’ ती म्हणाली. मी सोडलं. आत फार काही आवाज झाला नाही.

पेटीवरच्या पाटीवर पुढची वेळ साडेतीन होती. तीन वाजून गेले होते. मी लिंबाच्या पारावर बसलो. मला माझी खात्री नव्हती. शिपाई पेटी उघडील आणि मी पुढे होऊन म्हणेन, जरा ते पाकीट, एक ओळ राहिली. मी असं करू शकतो, मला मी माहीत आहे. साडेतीनला तो सायकलवरून आला, कुलूप काढलं, टपालाचा ढीग खाकी पिशवीत लोटला. माझं जाड पाकीट सगळ्यांत वर आलं. मी उठून अगदी त्याच्या जवळ जाऊन उभा होतो. त्यानं वर पाहिलं.

‘काय बाबा, काही परत पाहिजे का?’

‘नाही,’ मी म्हणालो. माझा आवाज मला मोठा वाटला, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतका. ‘न्या तुम्ही.’